गोळीची शुगर, इंजेक्शनची शुगर: डायबेटीसचा प्रकार चुकतो कुठं?

पंचगंगाकाठ (धागाकर्ती)

आपल्याकडं कुणाला शुगर आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: गोळीची का इंजेक्शनची? कोल्हापूर जिल्ह्यात करवीर-कागलपासून पार शाहूवाडी, गगनबावड्यापर्यंत लोक याच दोन खणांत डायबेटीस बसवतात. पण हे उपचाराचं नाव झालं, आजाराचं नव्हे. टाईप १ म्हणजे प्रतिकारशक्तीच उलटून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते तो; टाईप २ म्हणजे इन्सुलिन बनतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही तो. पंधरा वर्षं गोळ्या खाऊन इन्सुलिनवर गेलेला टाईप २ चा पेशंट त्यामुळं टाईप १ होत नाही. आणि चाळिशीत गोळ्या सुरू झाल्या म्हणून तो टाईप २ च असेल असंही नाही.

केसपेपरवर बहुतेक वेळा नुसतं 'डीएम' (डायबेटीस मेलिटस, म्हणजे मधुमेह) लिहिलेलं असतं. प्रकार लिहिलेला असलाच तर वयावरून आणि अंगकाठीवरून. पोरगं असेल तर एक, मोठं माणूस असेल तर दोन. एकदा शिक्का बसला की पुढच्या प्रत्येक फाइलमध्ये तोच उतरत जातो, कुणी परत विचारत नाही.

माझ्या मते प्रश्न एकच आहे: या माणसाचं स्वादुपिंड अजून स्वतःचं इन्सुलिन बनवतंय का, आणि बनवत नसेल तर कशामुळं? जाणकारांनी लिहावं की शंका कधी घ्यायची, तपासणी कुठली सांगायची आणि ती तपासणीच कुठं फसवते. स्वतःच्या आजारपणाच्या हकिकतींसाठी दुसरा धागा आहे, इथं नेमकं लिहू या.

डॉ_करवीर

चांगला विषय. आधी वयाचा मुद्दा निकालात काढू. टाईप १ कोणत्याही वयात होतो. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांना २०१२ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, टाईप २ म्हणून गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी साखर आटोक्यात येईना, तेव्हा पुन्हा तपासण्या झाल्या आणि टाईप १ निघाला.

मोठ्या माणसात टाईप १ ची शंका घ्यायची ती अशी: काही आठवड्यांत झपाट्यानं उतरलेलं वजन, लघवीत किंवा रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडून चरबी जळली की तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ), ३५ च्या आतलं वय, दोन-तीन गोळ्या पुऱ्या डोसमध्ये देऊनही काही महिन्यांत हाताबाहेर गेलेली साखर, आणि स्वतःला किंवा घरात थायरॉइड, कोड, सिलिअक असे प्रतिकारशक्ती उलटल्यामुळं होणारे आजार. यातलं एकच असेल तर लक्ष ठेवा, दोन-तीन जमली तर तपासा.

आता आपल्या मातीतली गोष्ट. 'बारीक आहे म्हणजे टाईप १' हा युरोपातला ठोकताळा इथं चालत नाही. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. याज्ञिकांनी दाखवून दिलंय की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, तीही पोटात. म्हणून आपल्याकडं बीएमआय २३ च्या वर गेला की जोखीम धरतात. सडपातळ टाईप २ इथं भरपूर आहेत. उलट बाजूनं, गुटगुटीत पोराला टाईप १ होत नाही असंही नाही. मानेवर, काखेत काळपट मखमली कातडी दिसली तर इन्सुलिनला प्रतिरोध आहे एवढं कळतं, टाईप १ कटला असं होत नाही.

बालविभाग_परिचारिका

डॉक्टरांचं सगळं बरोबर, पण पोरांच्या बाबतीत प्रकार ठरवत बसायला वेळच नसतो, म्हणून हे आधी वाचा.

अंथरुणात लघवी करायचं सोडलेलं पोर पुन्हा करायला लागलं, रात्री उठून तांबेच्या तांबे पाणी पितंय, शाळेचा युनिफॉर्म ढिला झालाय, खेळायला जात नाही. एवढ्यावर बोटातून साखर बघा. थांबलात तर पुढची पायरी उलट्या, पोटदुखी, खोल आणि भराभर श्वास, तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. याला कीटोअॅसिडोसिस म्हणतात, आणि इथंच निदान सगळ्यांत जास्त चुकतं. पोटदुखी बघून अपेंडिक्स किंवा जंत, श्वास बघून दमा किंवा न्यूमोनिया, उलट्या बघून पित्त.

ओळखायची खूण सांगते. उलट्या-जुलाबानं सुकलेल्या पोराची लघवी कमी होते. डायबेटीसचं पोर जीभ कोरडी ठाक, डोळे खोल गेलेले, तरी लघवी भरपूर करत असतं. श्वास जोरात, पण स्टेथोस्कोप लावला तर छाती स्वच्छ. ही दोन्ही एकत्र दिसली की ग्लुकोमीटर हातात घ्यायचा. उलट्या करणाऱ्या पोराला साखरेचं सलाइन लावायच्या आधी एक थेंब रक्त तपासलंच पाहिजे. त्याला एक मिनिट लागतं, आणि ते न केल्यानं पोरं अतिदक्षता विभागात जातात.

लक्षणं आहेत आणि साखर २०० किंवा वर आहे, तर 'उद्या उपाशीपोटी या' म्हणू नका. एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट येईपर्यंतही थांबू नका. त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मुलांचं मोठं हॉस्पिटल.

तर्री_कमी

ताई, हे वाचून ग्लुकोमीटर कपाटातनं बाहेर काढून ठेवला. एक विचारू? आमच्याकडं जुनी माणसं 'लघवीला मुंग्या लागल्या' म्हणायची. त्यात काही तथ्य हाय का नुसतं बोलणं?

लॅबवाला_कागल

तथ्य आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती परत ओढून घेता येत नाही, ती लघवीत उतरते आणि मुंग्या येतात. पण त्यावरून प्रकार कळत नाही. मुंग्या नाहीत म्हणजे डायबेटीस नाही असंही नाही. काही लोकांची मूत्रपिंडं जन्मतःच साखर गाळून देतात, त्यांची रक्तातली साखर अगदी नॉर्मल असते. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर लघवीत साखर येणारच, गोळीचं कामच ते. म्हणून लघवी उकळून रंग बघायच्या जुन्या तपासणीवर आज निदान करू नये.

आता आमच्या टेबलावर काय चुकतं ते लिहितो.

पहिलं, बोट. गुऱ्हाळाच्या हंगामात हे हमखास होतं. गूळ हाताळलेलं किंवा ऊस सोलून खाल्लेलं बोट तसंच टोचलं तर मीटर ३०० सुद्धा दाखवतो. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यानं गूळ निघत नाही. साबणपाण्यानं हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, मग टोचायचं. आकडा पटत नसेल तर दुसऱ्या हाताचं बोट धुऊन पुन्हा.

दुसरं, नळी. ग्लुकोजचं रक्त करड्या टोपणाच्या फ्लोराइड नळीतच घ्यायचं. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के कमी होते. गावातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी काढलेलं रक्त दुपारी शहरात पोचलं तर १३० ची साखर १०० च्या आत दिसू शकते. फ्लोराइडलाही परिणाम दाखवायला तास-दोन तास लागतात, म्हणून नमुना लवकर पोचवायचा तो पोचवायचाच.

तिसरं, कीटोनची लघवीची पट्टी. ती अॅसिटोअॅसिटेट हा एकच कीटोन मोजते. कीटोअॅसिडोसिसमध्ये जास्त असतं ते बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे दुसरं कीटोन, आणि ते पट्टीला दिसत नाही. त्यामुळं पट्टीवर 'थोडं' आलं तरी पेशंट गंभीर असू शकतो. रक्तातलं कीटोन मोजता आलं तर तेच मोजा, ३ मिलिमोलच्या वर म्हणजे धोका.

औषधी_राजारामपुरी

वरचं सगळं मान्य, पण एक विरोध नोंदवतो. असे धागे वाचून लोक जीएडी अँटिबॉडी (टाईप १ ओळखायची रक्ततपासणी), सी-पेप्टाइड (शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतंय त्याचं माप), सगळ्याच्या चिठ्ठ्या मागायला लागतात. तपासण्या महाग आहेत. मोठ्या माणसांत येणारा डायबेटीस बहुतांशी टाईप २ च असतो. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, बीपीची गोळी चालू, आई-वडील दोघांनाही शुगर, त्याला जीएडी करून काय मिळणार?

डॉ_करवीर

@औषधी_राजारामपुरी, काहीच मिळणार नाही, उलट नुकसान होईल. डायबेटीस नसलेल्या लोकांतही साधारण शंभरात एकाला जीएडी पॉझिटिव्ह येते. शंका नसताना सरसकट तपासलं तर असे खोटे पॉझिटिव्ह निघतात आणि चांगल्या टाईप २ वाल्याला विनाकारण टाईप १ ठरवलं जातं. म्हणून तपासणी शंका असेल त्याचीच.

क्रम असा ठेवा. आधी जीएडी. ती निगेटिव्ह आली आणि शंका कायम असेल तर आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ या त्याच कामाच्या दुसऱ्या अँटिबॉडी. इन्सुलिनविरुद्धची अँटिबॉडी मुलांत उपयोगी, पण इंजेक्शनं सुरू होऊन दोन आठवडे झाले की तिचा अर्थ राहत नाही, कारण बाहेरच्या इन्सुलिनविरुद्धही ती तयार होते. पॉझिटिव्ह आकडा किती मोठा आहे ते बघा. मर्यादेच्या जरासा वर असेल तर लगेच निष्कर्ष काढू नका. दोन वेगवेगळ्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह असतील तर मात्र शंकेला जागा नाही. आणि भारतात सगळ्या अँटिबॉडी निगेटिव्ह असलेले टाईप १ सुद्धा दिसतात. निगेटिव्ह आली म्हणून इन्सुलिन बंद करणं ही घातक चूक.

ज्या मोठ्या माणसात अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहेत पण पहिले सहा महिने तरी इन्सुलिनशिवाय निभावतं, त्याला लाडा म्हणतात. गोळ्यांवर आकडे बरे दिसतात, म्हणून सगळे निवांत राहतात.

औषधी_राजारामपुरी

पटलं. मग माझ्या बाजूची एक गोष्ट टाकतो, कारण चुकलेल्या शिक्क्याचा सगळ्यांत मोठा फटका तिथं बसतो. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं आणि गोळी स्वस्त झाली. हृदयाला, मूत्रपिंडाला चांगली आहे, त्यामुळं भरपूर खपते. पण ज्याचं स्वतःचं इन्सुलिन संपत आलंय अशा 'टाईप २' वाल्याला ती दिली तर साखर लघवीतून निघून जाते आणि कीटोन मात्र वाढत राहतात. मीटरवर १८० दिसतं आणि माणूस कीटोअॅसिडोसिसमध्ये असतो. घरचे म्हणतात शुगर तर ठीक आहे, उलट्या पित्तानं होत असतील.

ठिणगी पडते ती खाणं बंद झाल्यावर: ताप, जुलाब, ऑपरेशन, कडक उपास. अंबाबाईच्या नवरात्रात नऊ दिवस निरंकार धरणारे कितीतरी असतात. त्यांनी उपासाच्या आधी ही गोळी डॉक्टरांना दाखवावीच. ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी डापाग्लिफ्लोझिन आणि तिच्याच गटातली एम्पाग्लिफ्लोझिन बंद करतात. गोळीच्या नावात 'ग्लिफ्लोझिन' आहे का ते पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात बघा. ब्रँडच्या नावावरून कळत नाही, आणि आता या गोळ्या मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिनबरोबर एकत्र येतात.

तर्री_कमी

म्हणजे 'शुगर बरोबर हाय' एवढ्यावर निवांत बसायचं नाही. लई महत्त्वाचं सांगितलंत दादा. वाचनखूण साठवली.

जनुकवेडा

अजून एक खण कुणी उघडला नाही. एकाच जनुकातल्या दोषानं होणारा डायबेटीस, त्याला मोडी म्हणतात (कागदावरची मोडी लिपी नव्हे!). आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी. दोन प्रकार लक्षात ठेवण्यासारखे.

जीसीके या जनुकाच्या प्रकारात साखरेची पातळी जन्मापासूनच थोडी वर असते. उपाशीपोटी १०० ते १४५ च्या दरम्यान, एचबीए१सी साधारण ५.६ ते ७.६, वर्षानुवर्षं तेवढंच. गरोदरपण सोडलं तर याला औषध लागत नाही, दिलं तरी आकडा फारसा हलत नाही. तरीही लोक जन्मभर गोळ्या खातात. एचएनएफ१ए या जनुकाच्या प्रकारात पंचविशीच्या आत डायबेटीस येतो, माणूस बारीक असतो, त्यामुळं टाईप १ म्हणून इन्सुलिन सुरू होतं. खरं तर ग्लिक्लाझाइडसारख्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्यांच्या अगदी थोड्या डोसवर यांची साखर चांगली राहते.

आणि हे सोनाराच्या तराजूनं तोलून लक्षात ठेवा: सहा महिन्यांच्या आत डायबेटीस निघालेल्या बाळाला टाईप १ म्हणायचं नाही. त्याची जनुक तपासणी झालीच पाहिजे. केसीएनजे११ किंवा एबीसीसी८ या जनुकांत दोष निघाला तर बऱ्याच बाळांचं इन्सुलिन बंद होऊन तोंडी औषधावर भागतं. चेन्नईची मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशन हे काम अनेक वर्षं करते.

डॉ_करवीर

एक सावधगिरी जोडतो. 'तीन पिढ्यांत शुगर आहे, म्हणजे मोडी' असं आपल्याकडं म्हणता येत नाही. टाईप २ इतका पसरलाय की आजोबा, वडील, मुलगा अशी रांग सहज लागते. तरुण वय, जाड नसणं, अँटिबॉडी निगेटिव्ह, आणि निदानाला तीन-पाच वर्षं होऊनही सी-पेप्टाइड शिल्लक, एवढं जुळलं तरच जनुक तपासणीचा खर्च करावा.

आशाताई_शाहूवाडी

आमच्याकडं वाड्या-वस्त्यांवर बारीक, पोट कायम दुखणारी, तरुण वयातच शुगर निघालेली माणसं असतात. त्यांना कुठल्या खणात घालायचं?

डॉ_करवीर

आशाताई, तुमचा प्रश्न मोलाचा आहे. आधी शौचाचं विचारा. तेलकट, पांढरट, घाण वासाची, पाणी ओतूनही चिकटून राहणारी किंवा तरंगणारी शौच असेल तर स्वादुपिंडच खराब झालंय असं समजून चालायचं. पोटाचा साधा एक्स-रे काढला तरी स्वादुपिंडातले खडे दिसू शकतात. दारूमुळं वारंवार सूज येऊन गेलेल्यांचंही हेच होतं. यांना इन्सुलिन लागतं, पण कीटोन सहसा वाढत नाहीत. पचनासाठी जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूलही द्याव्या लागतात. नुसतं टाईप १ किंवा २ लिहिलं की या कॅप्सूल राहून जातात आणि माणूस खंगत जातो.

लहानपणापासूनच्या कुपोषणाशी जोडलेला प्रकार वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ मध्ये तो वर्गीकरणात घेतला होता, १९९९ मध्ये काढून टाकला. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय डायबेटीस फेडरेशननं त्याला 'टाईप ५' म्हणून मान्यता दिली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा त्या कामात मोठा वाटा आहे.

आणि पन्नाशीनंतर नव्यानं शुगर निघाली, वजन मात्र उतरतंय, भूक नाही, पाठीत दुखतंय, तर गोळ्या लिहून मोकळं होऊ नका. स्वादुपिंडाचा सीटी स्कॅन करून घ्या, कर्करोगाची सुरुवात अशीही होते.

गुळाचीढेप

अवांतर: आयुर्वेदात प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद आहेत, पहिला कृश माणसाचा, दुसरा स्थूल माणसाचा. म्हणजे दोन वेगळे आजार आहेत हे आपल्याकडं फार जुनं ठाऊक होतं. अजून एक, आमच्या कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, तर तो साखरेऐवजी शुगरवाल्याला चालतो का?

लॅबवाला_कागल

नाव घेतलंयत ढेपेचं, म्हणून वाईट वाटतं, पण नाही चालत. गुळातही बहुतांश सुक्रोजच असतं. मीटरला गूळ आणि साखर यातला फरक कळत नाही.

बालविभाग_परिचारिका

विषय परत मुलांकडं नेते, एक मोठा सापळा राहिला. टाईप १ मध्ये इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत उरलेल्या पेशी जरा सावरतात. डोस निम्म्यावर येतो, कधी दोन-चार युनिटवर. नेमकं त्याच वेळी घरात काढा किंवा पाल्याचा रस सुरू झालेला असतो. मग घरचे म्हणतात औषध लागू पडलं, शुगर गेली, निदानच चुकलं होतं. इन्सुलिन बंद होतं आणि पोर काही आठवड्यांत कीटोअॅसिडोसिसमध्ये परत येतं. हा काळ तात्पुरता असतो, हे पहिल्या डिस्चार्जच्या दिवशीच आजी-आजोबांना समोर बसवून सांगावं. घरातला निर्णय बऱ्याचदा तेच घेतात.

प्रसूतीकक्ष_इचल

गरोदरपणाचं थोडक्यात. आपल्याकडं ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासतात, जेवण झालेलं असलं तरी चालतं, १४० किंवा वर म्हणजे गरोदरपणातला डायबेटीस. पण पहिल्या तीन महिन्यांतच उपाशीपोटी १२६ किंवा वर असेल तर तो आधीपासूनच होता, आता फक्त दिसला. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची तपासणी करायची असते. बाळ-बाळंतिणीच्या धावपळीत नेमकी हीच राहते. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्या दिवशीच आईचीही ठेवा.

औषधी_राजारामपुरी

स्टिरॉइडही यादीत घ्या. सकाळी प्रेडनिसोलोन घेणाऱ्याची साखर दुपारनंतर आणि संध्याकाळी चढते, उपाशीपोटी नॉर्मल. फक्त सकाळची तपासणी केली तर निसटते. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतही स्टिरॉइड असू शकतं, म्हणून 'काय काय घेता' हे विचारताना पुड्यासुद्धा विचारा.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नावर परत येते. एचबीए१सी १२ आला म्हणजे टाईप १, असं बरेच जण धरतात, ते खरं का? आणि जुन्या पेशंटचा शिक्का आज तपासायचा तर एकच तपासणी कुठली?

डॉ_करवीर

एचबीए१सी प्रकार सांगत नाही, साखर किती काळ किती चढली एवढंच सांगतो. तोही रक्त चढवलेल्यांत, सिकलसेलमध्ये, मूत्रपिंड निकामी असताना फसवा. लोहाच्या कमतरतेनं तो खोटा वाढतो, आणि आपल्या बायकांत अॅनिमिया किती आहे ते सांगायला नको.

जुन्या पेशंटसाठी सी-पेप्टाइड. शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवताना जेवढं इन्सुलिन तेवढंच सी-पेप्टाइड सुटतं. टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं, म्हणून इंजेक्शन चालू असतानाही तपासता येतं. मिलिलिटरला ०.६ नॅनोग्रॅमच्या खाली टाईप १ कडं, १.८ च्या वर टाईप २ कडं, मधलं असेल तर पुढं पुन्हा. निदान होऊन तीन वर्षं झाल्यावर ही तपासणी सगळ्यांत बोलकी. सुरुवातीला टाईप १ मध्येही ते बरंच शिल्लक असतं.

आणि प्रकार नक्की नसेल तर केसपेपरवर तसंच लिहा: 'डायबेटीस, प्रकार अनिश्चित, सी-पेप्टाइड बाकी'. पुढच्या डॉक्टरला तेवढ्यावरून विचार करावा लागतो. नुसत्या 'डीएम'वर कुणी थांबत नाही.

आशाताई_शाहूवाडी

पेशंटला उपाशी पाठवू का जेवून? एसटीनं येणार, दोन तास लागतात.

लॅबवाला_कागल

जेवूनच पाठवा ताई, जेवणानंतर पाच तासांच्या आत रक्त दिलं म्हणजे झालं. गोळी, इन्सुलिन नेहमीप्रमाणं घेऊन. त्याच वेळी ग्लुकोजही घेतो, कारण साखर ७० च्या खाली असेल तर सी-पेप्टाइड खोटंच कमी दिसतं. नुकताच कीटोअॅसिडोसिस होऊन गेला असेल तर दोन आठवडे थांबा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर चिठ्ठीवर लिहा, त्यात आकडा वाढलेला दिसतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तीन दिवस आधी बंद करायला सांगा. जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलं तर नमुना दिवसभर टिकतो, त्यामुळं तिकडं उपकेंद्रावर काढून शेवटच्या गाडीनं पाठवलंत तरी चालेल. फक्त ग्लुकोजची करडी नळी बरोबर पाठवू नका, ती साखर तिथंच मीटरवर बघून चिठ्ठीवर वेळेसकट लिहा. आधी हात धुऊन.